जिमी हीथ: सॅक्सोफोनवादक, अरेंजर आणि शिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ ऐकणाऱ्या मराठी मंडळींत जॉन कोल्ट्रेन, माइल्स डेव्हिस, सॉनी रॉलिन्स ही नावं सहज निघतात. जिमी हीथचं नाव काढलं की मात्र समोरून प्रश्नच येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. सॅक्सोफोन शिकणारे, सिनेसंगीतातून जॅझकडे वळलेले आणि 'तो कोल्ट्रेनचा मित्र ना?' एवढंच ठाऊक असलेले, तिघांनाही उपयोग व्हावा.

जिमी हीथ कोण होता?

फिलाडेल्फियाचा अमेरिकन जॅझवादक. जन्म २५ ऑक्टोबर १९२६, मृत्यू १९ जानेवारी २०२०. आधी अल्टो आणि नंतर टेनर (त्याहून खालच्या आवाजाचा) सॅक्सोफोन, शिवाय सोप्रानो आणि बासरीही तो वाजवायचा. शंभराहून अधिक रचना त्याच्या नावावर आहेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात तो अकरा वर्षं प्राध्यापक होता. उंची जेमतेम सव्वापाच फूट. त्यावरून त्याची भरपूर थट्टा व्हायची आणि त्या थट्टेत तो स्वतःही सामील असायचा.

त्याच्या घरात संगीत होतं का?

होतं, आणि ते रोजच्या जगण्याचा भाग म्हणून होतं. वडील मोटार मेकॅनिक. आठवडाभर गाड्या दुरुस्त करायच्या आणि शनिवार-रविवारी बँडच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवायची, असा त्यांचा शिरस्ता. आई चर्चच्या वृंदात गायची. मोठा भाऊ पर्सी आधी व्हायोलिन शिकला. दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तुकडीत त्याने प्रशिक्षण घेतलं आणि युद्ध संपल्यावर डबल बास हाती घेतला. जिमीलाही लष्कराचं बोलावणं आलं होतं, पण वजन कमी भरलं म्हणून त्याला परत पाठवलं. सर्वांत धाकटा अल्बर्ट, ज्याला सगळे टूटी म्हणत, तो ड्रमर झाला.

आजी-आजोबांचं नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला किराणा दुकान होतं. जिमीचं बरंचसं शालेय शिक्षण तिथल्या विलिस्टन शाळेत झालं. त्या काळी दक्षिणेत वर्णभेद कायद्यानेच होता, त्यामुळे ती शाळा फक्त कृष्णवर्णीय मुलांची. तिथल्या बँडमध्ये तो वाजवू लागला. सुट्ट्यांत फिलाडेल्फिया, एरवी विल्मिंग्टन.

संगीताचं रीतसर शिक्षण कुठे झालं?

ज्याला आपण रीतसर म्हणू तसं फारसं झालंच नाही. पुढे प्राध्यापक झालेल्या या माणसाकडे कॉलेजची पदवी नव्हती. १९४५-४६ मध्ये ओमाहाच्या नॅट टाउल्सच्या बँडबरोबर तो मध्य अमेरिकेत गावोगाव फिरला. बसमधून शेकडो मैल जायचं, रात्री लोकांच्या नाचासाठी वाजवायचं, सकाळी पुढचं गाव. कागदावरचं संगीत पटापट वाचणं आणि शेजारच्या वादकात आपला आवाज मिसळणं तो तिथे शिकला.

घरी परतल्यावर दुसरी शाळा सुरू झाली. जिमी आणि जॉन कोल्ट्रेन फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन हेडफोन लावून स्ट्राविन्स्की आणि इतर पाश्चात्त्य संगीतकार ऐकत बसायचे. शिवाय ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी. जॅझमधल्या नव्या स्वरसंगती समजावून सांगण्याची डिझीला हौसच होती, आणि त्याच्या पियानोपाशी घडलेल्या वादकांची एक पिढीच्या पिढी आहे.

पुढे साठच्या दशकात, नाव झाल्यानंतर, जिमीने रुडॉल्फ श्राम यांच्याकडे शिलिंगर पद्धतीने, म्हणजे गणिताच्या आधाराने, रचनाशास्त्राचे धडे घेतले. पस्तिशी-चाळिशीत, रेकॉर्ड निघालेल्या कलावंताने पुन्हा वही घेऊन विद्यार्थी होणं मला त्याच्या बऱ्याच पुरस्कारांपेक्षा मोलाचं वाटतं.

त्याला 'लिटल बर्ड' का म्हणायचे?

अल्टोवादक चार्ली पार्करचं टोपणनाव 'बर्ड'. चाळीसच्या दशकात पार्कर ऐकून ज्यांची झोप उडाली अशा तरुण अल्टोवादकांत जिमी पुढे होता, आणि तो इतका पार्करसारखा वाजवू लागला की नावाला 'लिटल' जोडलं गेलं. पार्कर फिलाडेल्फियात यायचा तेव्हा त्याचं वाद्य पुष्कळदा गहाण पडलेलं असायचं. मग तो जिमीचा अल्टो मागून घ्यायचा.

आधी कौतुकाचं वाटलेलं ते नाव नंतर बोचायला लागलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जिमीने अल्टो बाजूला ठेवून टेनर धरला. आवाज खालच्या पट्टीत गेला, भरदार झाला, आणि पार्करशी होणारी तुलना हळूहळू थांबली. कोल्ट्रेनही याच सुमारास अल्टोवरून टेनरवर आला.

कोल्ट्रेन खरोखर त्याच्या बँडमध्ये होता?

होता. १९४६ पासून दोन-तीन वर्षं जिमीने फिलाडेल्फियात स्वतःचा बिग बँड चालवला. त्यात कोल्ट्रेन अल्टो वाजवायचा, बेनी गोल्सन टेनर, आणि रे ब्रायंट पियानोवर असायचा. सगळे विशीच्या आतबाहेरचे. तालीम दक्षिण फिलाडेल्फियातल्या हीथ कुटुंबाच्या घरी. सोळा-सतरा माणसांचा बँड दिवाणखान्यात कसा मावला असेल देव जाणे, पण आई-वडिलांनी कधी दार लावून घेतलं नाही. वर सगळ्यांना जेवूही घातलं. बाहेरगावचे वादक फिलाडेल्फियात आले की त्यांचाही मुक्काम किंवा निदान एक जेवण या घरी ठरलेलं.

१९४७ च्या डिसेंबरमध्ये अपघातात पाय गमावलेल्या एका मुलीच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. या बँडबरोबर चार्ली पार्कर आणि ड्रमर मॅक्स रोच वाजवायला उभे राहिले. त्या रात्रीचा एक फोटो प्रसिद्ध आहे: पार्कर वाजवतोय आणि मागच्या ओळीतला कोल्ट्रेन सगळं विसरून त्याच्याकडे बघतोय.

बँड आर्थिकदृष्ट्या टिकला नाही. मोठ्या बँडचे दिवस सरत आले होते. १९४८ मध्ये जिमी हॉवर्ड मॅगीच्या गटातून पॅरिसला जाऊन आला, आणि १९४९ मध्ये तो आणि कोल्ट्रेन दोघंही डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये दाखल झाले.

अरेंजर म्हणजे नेमकं काय? आपल्या सिनेसंगीतातल्या अरेंजरसारखंच का?

कामाचा गाभा तोच. आपल्याकडे प्रभाकर जोग, अनिल मोहिले यांनी संगीत संयोजक म्हणून जे केलं, किंवा गोव्याहून मुंबईत आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांनी हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत जे केलं, ते आठवा. चाल कोणाची तरी असते. कोणतं वाद्य कुठे शिरणार, त्याच्याखाली कोणते स्वर धरले जाणार, गायक थांबला की पोकळी कोण भरणार, हे कागदावर उतरवणारा माणूस वेगळा असतो. त्याचं नाव श्रेयनामावलीत बारीक अक्षरात येतं, किंवा येतच नाही. हा अन्याय मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये सारखाच होता.

फरक वापरात आहे. चित्रपटगीतात तीन-साडेतीन मिनिटांचा स्वर न् स्वर ठरलेला असतो. जॅझ अरेंजरला मधे मोकळी जागा ठेवावी लागते, कारण तिथे कोणीतरी त्या क्षणी सुचेल ते वाजवणार असतो. किती लिहायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, यातच त्याची परीक्षा. फार लिहिलं तर सोलो करणारा गुदमरतो, आणि काहीच लिहिलं नाही तर एकामागून एक सोलोंची नुसती रांग लागते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. सॅक्सोफोन, ट्रंपेट, फ्रेंच हॉर्न ही वाद्यं कागदावर एक स्वर वाचतात आणि ऐकू दुसराच येतो. अल्टोची पट्टी एक, टेनर आणि ट्रंपेटची दुसरी, फ्रेंच हॉर्नची तिसरी, त्यामुळे अरेंजरला एकच ओळ चार जणांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत लिहावी लागते. संगणक नसलेल्या काळात हे सगळं हाताने, दौतीच्या शाईने चालायचं.

त्याच्या अरेंजिंगचं वैशिष्ट्य काय?

१९५९ ते १९६४ या काळात रिव्हरसाइड कंपनीसाठी त्याने सहा अल्बम केले. निर्माते होते ऑरिन कीपन्यूज. उत्तर या सहा अल्बममध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला 'द थम्पर' सहा जणांचा. त्यानंतर १९६० मध्ये 'रिअली बिग!'. नावात मोठेपणा, प्रत्यक्षात माणसं दहा: ट्रंपेटला क्लार्क टेरी, कॉर्नेटला नॅट अ‍ॅडरली, ट्रॉम्बोनला टॉम मॅकिंटॉश, फ्रेंच हॉर्नवर डिक बर्ग, अल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडरली, बॅरिटोनवर पॅट पॅट्रिक, टेनरवर स्वतः जिमी, मग पियानो, आणि बास-ड्रम्सवर दोघे भाऊ. डोळे मिटून ऐकलं तर सोळा-सतरा जण वाजवताहेत असं वाटतं.

हे कसं साधलं? पहिलं कारण फ्रेंच हॉर्न. या वाद्याला जॅझमध्ये फारसं कोणी विचारत नव्हतं. ट्रंपेट वर चमकतो, सॅक्सोफोन खाली घोगरा वाजतो, आणि मधे एक फट राहते. फ्रेंच हॉर्नचा गोल, किंचित धूसर आवाज ती फट भरतो आणि पितळी वाद्यं आणि सॅक्सोफोनसारखी रीडची वाद्यं एकत्र बांधली जातात. 'द क्वोटा' आणि 'ट्रिपल थ्रेट'मध्ये ज्युलियस वॉटकिन्सचा फ्रेंच हॉर्न आहे. 'स्वॉम्प सीड'मध्ये तर दोन फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा.

दुसरं कारण स्वरांची वाटणी. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा, पायाचा स्वर बासकडे असतोच, मग तो हॉर्नला (जॅझमध्ये फुंकून वाजवायच्या कोणत्याही वाद्याला हॉर्न म्हणतात) देऊन वाया का घालवायचा? हॉर्नकडे तिसरा, सातवा आणि त्यावरचे रंगाचे स्वर सोपवायचे. चारच जण वाजवत असले तरी सहा-सात स्वरांची घनता ऐकू येते.

तिसरं कारण कागदावर दाखवता येत नाही. तो वाद्यासाठी लिहायचा नाही, वादकासाठी लिहायचा. क्लार्क टेरीच्या ओळीत खट्याळपणाला वाव, कॅननबॉलच्या ओळीत ब्लूजला. हे जमायला दुसऱ्याचं वाजवणं स्वतःच्या वाजवण्याइतकं बारकाईने ऐकावं लागतं. माझं मत असं की जिमी हीथच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथेच आहे. बँड बांधताना, कागद लिहिताना आणि पुढे वर्गात शिकवताना तो एकच काम करत होता: समोरच्याला काय शोभेल ते ओळखणं.

तो तुरुंगात का गेला होता? तिथे काय केलं?

हेरॉइन. चाळीस-पन्नासच्या दशकात या व्यसनाने जॅझमधली अर्धी गुणी माणसं पोखरली, आणि जिमीही त्यात अडकला. आधी केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी उपचारकेंद्राची वारी झाली. नंतर अमली पदार्थ विकल्याच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तो पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्गच्या तुरुंगात गेला. १९५५ ते मे १९५९, साधारण साडेचार वर्षं. व्यसन तिथेच सुटलं आणि पुन्हा कधी लागलं नाही. पुढे आत्मचरित्रात त्याने हे सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं.

तुरुंगात बँड होता. जिमीने तो हाती घेतला, कैद्यांकडून तालमी करून घेतल्या, त्यांच्या कुवतीप्रमाणे लिहिलं. हाताशी असेल त्या वाद्यांचं आणि माणसांचं काहीतरी उभं करायचं, ही शिकवण्याची तयारीच होती, फक्त जागा भलतीच.

तिथे बसून त्याने स्वतंत्र रचनाही केल्या. कागद बाहेर आले ते धाकट्या टूटीमार्फत, आणि ट्रंपेटवादक चेट बेकरपर्यंत पोचले. १९५६ मध्ये चेट बेकर आणि अल्टोवादक आर्ट पेपर यांनी लॉस एंजेलिसमध्ये जो अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्यातल्या बहुतेक रचना जिमीच्या आहेत. विचित्र गोष्ट अशी की ज्या दोघांनी ते संगीत वाजवलं, ते दोघेही त्याच व्यसनात बुडालेले होते. एवढंच की त्या दिवशी ते बाहेर होते आणि संगीतकार आत.

माइल्स डेव्हिसबरोबर तो किती काळ होता?

थोडाच. १९५३ च्या एप्रिलमध्ये ब्लू नोटसाठी माइल्सचं एक ध्वनिमुद्रण झालं. त्यात ट्रॉम्बोनवर जे. जे. जॉन्सन, टेनरवर जिमी, बासवर पर्सी आणि ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. 'सीटीए' ही जिमीची रचना त्याच वेळची.

१९५९ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर काही आठवड्यांतच माइल्सने त्याला कोल्ट्रेनच्या जागी बोलावलं. याहून मोठी संधी त्या काळी जगात नव्हती. पण पॅरोलच्या अटीप्रमाणे फिलाडेल्फियापासून साठ मैलांच्या पलीकडे जायला परवानगी नव्हती. थोडे कार्यक्रम झाले आणि अधिकाऱ्यांनी त्याला परत बोलावलं. माइल्स पुढे गेला.

मग तो कोल्ट्रेन किंवा रॉलिन्सइतका प्रसिद्ध का झाला नाही?

वरचं उत्तर वाचलं की निम्मं कळतंच. १९५५ ते १९५९ ही हार्ड बॉपची, म्हणजे पार्कर-डिझीच्या बॉप शैलीला ब्लूजची जास्त जोड देणाऱ्या जॅझची, सुगी. त्या चार वर्षांत त्याच्या वयाच्या टेनरवादकांनी आपली नावं कायमची कोरून घेतली आणि हा गजाआड होता. बाहेर येऊन रिव्हरसाइडमध्ये जम बसतोय तोच १९६४ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. तोवर रॉकची लाट आली होती आणि जॅझवाल्यांचे क्लब बंद पडत होते.

दुसरं निम्मं त्याच्या स्वभावात आहे. कोल्ट्रेन एका दिशेने निघाला की वाटेतलं सगळं मागे टाकत जायचा. जिमीला बॉप सोडायचा नव्हता. त्याला त्याच घरात नवी खोली बांधायची होती. लोकांच्या लक्षात मोडतोड करणारे राहतात. दोघांत डावं-उजवं ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की स्वतः कोल्ट्रेन आणि जिमी असली मोजणी करत बसले नाहीत. त्यांची मैत्री शेवटपर्यंत राहिली.

त्याच्या कोणत्या रचना आजही वाजवल्या जातात?

'सीटीए', 'जिंजरब्रेड बॉय', 'जेमिनी', 'फॉर मायनर्स ओन्ली', 'अ साउंड फॉर सोअर इअर्स'. 'जिंजरब्रेड बॉय' माइल्सच्या पंचकाने १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित केली, आणि 'जेमिनी' कॅननबॉल अ‍ॅडरलीने गाजवली.

रचना म्हणून 'सीटीए' बघण्यासारखी आहे. संगीतकार जॉर्ज गर्शविनच्या १९३० मधल्या एका गाण्याचा कॉर्डचा सांगाडा जॅझवाले पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत. आपल्याकडे रागाची चौकट ठरलेली असते, तसा त्यांच्याकडे कॉर्डचा क्रम ठरलेला. जिमीने बत्तीस मात्रागटांचा तो साचा ठेवला, पण मुख्य भागातले कॉर्ड काढून त्या जागी पायऱ्या उतरत यावं तशी चार कॉर्डची उतरंड घातली. बदल एवढाच. पण ओळखीच्या जागी पाय टाकायला गेलं की जमीन थोडी खाली सरकलेली लागते. 'जिंजरब्रेड बॉय' ब्लूज आहे, मात्र नेहमीच्या बाराऐवजी सोळा मात्रागटांचा. नवशिके चार गट आधीच वरून सुरू करतात आणि तोंडावर पडतात.

हीथ ब्रदर्स हा गट कधी झाला?

१९७५ मध्ये. पर्सी १९५२ पासून मॉडर्न जॅझ क्वार्टेटमध्ये होता. तो गट १९७४ मध्ये थांबला आणि तिन्ही भावांना एकत्र यायची फुरसत मिळाली. पियानोवर स्टॅन्ली काउएल. टूटी काही वर्षं बाहेर पडला आणि पुन्हा आला. पर्सी २००५ मध्ये गेला, टूटी एप्रिल २०२४ मध्ये.

हिप-हॉपशी त्याचा काय संबंध?

तरुण श्रोत्यांचा हा आवडता प्रश्न. संबंध दुहेरी आहे, आणि दोन्ही धागे १९९४ सालचे आहेत.

हीथ ब्रदर्सच्या १९७५ च्या पहिल्या अल्बममध्ये 'स्मायलिन बिली स्वीट' नावाची जिमीची रचना आहे. तिच्या दुसऱ्या भागात काउएल एंबिरा हे अंगठ्यांनी छेडायचं आफ्रिकन वाद्य वाजवतो. तोच तुकडा घेऊन रॅपर नॅसच्या पहिल्या अल्बममधलं 'वन लव्ह' बांधलं गेलं. ते गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. तुकडा निवडणाऱ्याला जिमीचा पूर्वेतिहास ठाऊक असेलच असं नाही, पण योगायोग विलक्षण आहे.

दुसरा धागा घरातला. तालवादक जेम्स एमटूमे हा जिमीचा मुलगा. सत्तरच्या दशकात तो माइल्सच्या विजेरी बँडमध्ये होता, आणि १९८३ मध्ये स्वतःच्या गटासह त्याने 'जूसी फ्रूट' हे गाणं केलं. नोटोरियस बी. आय. जी.चं 'जूसी' त्याच गाण्यावर उभं आहे.

तो शिकवायला कसा लागला?

पोटासाठी, असं सरळ म्हणावं लागेल. साठच्या दशकाच्या मध्यात कार्यक्रम आटले होते, घरी पत्नी मोना आणि दोन मुलं. पण कारण पोटाचं असलं तरी हात त्या कामाला आधीच बसलेला होता.

१९६४ मध्ये पियानोवादक बिली टेलर यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जॅझमोबाइल सुरू झालं. सुरुवातीची कल्पना साधी: गाडीवर मंच बांधायचा, उन्हाळ्यात वस्त्यांमध्ये जायचं आणि रस्त्यावर फुकट जॅझ ऐकवायचा. पुढे त्याला शनिवारच्या कार्यशाळेची जोड मिळाली. तिथे शिकवणारी माणसं म्हणजे रात्री क्लबमध्ये वाजवणारीच. जिमी त्यांतला एक. ज्या मुलांना खासगी शिकवणी परवडत नव्हती त्यांना डिझीच्या बँडमधल्या माणसाकडून सॅक्सोफोन शिकायला मिळत होता.

त्यानंतर कनेटिकटमधलं हाउसॅटॉनिक कम्युनिटी कॉलेज, न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज, आणि १९८७ पासून क्वीन्स कॉलेजचं एरन कोपलँड संगीत विद्यालय. तिथे जॅझमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची घडी त्याने बसवली. पियानोवादक सर रोलंड हॅना हाही तिथे शिकवायचा. जिमी १९९८ मध्ये निवृत्त झाला.

त्याचं राहणं क्वीन्समधल्याच कोरोना भागात, डोरी मिलर नावाच्या सहकारी गृहसंकुलात. कॅननबॉल आणि नॅट अ‍ॅडरली, क्लार्क टेरी, सगळे तिथलेच शेजारी. लुई आर्मस्ट्राँगचं घरही त्याच परिसरात. विद्यार्थ्याला इतिहास शिकवायचा तर गल्लीतून एक चक्कर मारली तरी भागावं.

पदवी नसताना त्याने पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा चालवला? आणि जॅझ असा वर्गात शिकवता येतो का?

दुसरा प्रश्न जॅझवाल्यांतही वादाचा आहे. एक बाजू म्हणते की कॉलेजं निघाल्यापासून सगळे सारखेच वाजवायला लागले. त्यात तथ्य आहे. पुस्तकातल्या सराईत फ्रेजा पाठ करून आलेली मुलं तासभर न चुकता वाजवतात आणि घरी जाताना एकही ओळ आठवत नाही.

पण त्याच प्रश्नाला जिमीची कारकीर्द वेगळं उत्तर देते. तो ज्या वातावरणात शिकला, म्हणजे घरातल्या तालमी, फिरते बँड, मोठ्यांच्या शेजारी बसून वाजवणं, ते १९८७ पर्यंत संपलं होतं. फिरते बँड उरले नव्हते. तरुणाने शिकायचं तरी कुठे? वर्ग हा पर्याय उत्तम नव्हता, पण उरलेला होता. अशा वेळी वर्गात जाणारा माणूस पार्कर, डिझी, कोल्ट्रेन यांच्याबरोबर उभा राहून वाजवलेला असेल तर निदान ती साखळी तुटत नाही. पदवी देणाऱ्यांनाही हे कळत होतं. त्यांनी अनुभवालाच पात्रता मानलं. पुढे २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामवंत संगीतशाळेने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

शिकून बाहेर पडलेल्यांत अल्टोवादक अँटोनियो हार्ट आहे. तो पुढे स्वतःच क्वीन्स कॉलेजात शिकवू लागला. पियानोवादक जेब पॅटन तर विद्यार्थी म्हणून आला आणि नंतर हीथ ब्रदर्सचाच पियानोवादक झाला.

त्याने मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं का?

हो. श्राम यांच्याकडच्या अभ्यासाचं फळ म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यात कृष्णवर्णीय संगीताच्या वाटचालीवर एक दीर्घ रचना झाली. १९८८ मध्ये 'थ्री इअर्स' ही सिंफनी ऑर्केस्ट्रासाठीची रचना क्वीन्स कॉलेजात मॉरिस पेरेस यांच्या संचालनाखाली सादर झाली. खरं सांगायचं तर माझं मन दहा जणांच्या 'रिअली बिग!'मध्ये जास्त रमतं.

मानसन्मान?

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीचा 'जॅझ मास्टर' किताब. १९९२ चा 'लिटल मॅन बिग बँड' हा अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेला.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

अरेंजर ऐकायचा असेल तर 'रिअली बिग!'. वादक ऐकायचा असेल तर १९६४ चा 'ऑन द ट्रेल': यात तो एकटाच हॉर्न आहे, सोबत केनी बरेलची गिटार आणि विंटन केलीचा पियानो, त्यामुळे टेनरचा आवाज उघडावाघडा कानावर येतो. एका बैठकीत दोन्ही ऐकू नका. 'रिअली बिग!'मधला एकच ट्रॅक घ्या. पहिल्यांदा फक्त सोलो ऐका, दुसऱ्यांदा सोलोच्या मागे हॉर्न काय करताहेत तेवढंच ऐका. दुसरं ऐकणं जास्त वेळ घेईल.

मी सॅक्सोफोन शिकतोय. त्याची कोणती रचना आधी घेऊ?

'सीटीए'. मूळ पट्टी बी फ्लॅट, म्हणजे अल्टोवाल्याने जी मध्ये वाचायची आणि टेनरवाल्याने सी मध्ये. दोन्ही पट्ट्या बोटांना सोप्या आहेत. लय मात्र जलद आहे, म्हणून आधी निम्म्या लयीत. चाल बसण्याआधी उतरत्या चार कॉर्डचे मूळ स्वर लांब फुंकून घ्या, मग प्रत्येकाचा तिसरा आणि सातवा. पियानो किंवा हार्मोनियम हाताशी असेल तर तेच कॉर्ड त्यावर धरून वरून चाल तोंडाने म्हणा. दोन जण असाल तर एकाने चाल वाजवावी आणि दुसऱ्याने तिच्याखाली स्वतः एक ओळ लिहून आणावी. ती ओळ वाईट निघाली तरी वाजवा, आणि पुढच्या वेळी अदलाबदल करा.